पँटो, फार्स की म्युझिकल? आईबाबांना डिसेंबरात काय दाखवू

मिरजेची_रेवा
नमस्कार मंडळी. आईबाबा नोव्हेंबरअखेर येतायत, जानेवारीच्या मध्यापर्यंत आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आहेत. दोघंही पक्के नाटकवाले. बाबांनी बँकेच्या नाट्यस्पर्धांमध्ये बबन प्रभूंचे फार्स केलेत, आई अजून सौभद्रातली पदं स्वयंपाक करताना म्हणते. इंग्रजी वाचायला दोघांना काही अडचण नाही पण इथली माणसं भराभर बोलायला लागली की निम्मं निसटतं. लेक सात वर्षांची, ती शाळेबरोबर पँटो (नाताळात इथं होतं ते परीकथेचं विनोदी गाण्यांचं नाटक) बघून आलीये आणि आजीआजोबांना तिथंच न्यायचं म्हणून हटून बसलीये. नवरा म्हणतो लंडनला जाऊन एखादं मोठं म्युझिकल दाखवू, एकदाच काय ते. मला वाटतं त्यांनी पोट धरून हसावं, बाकी काही नको. तर पँटो, फार्स की म्युझिकल? आणि लंडनच हवं का?

लीड्सकर_अण्णा
पँटो. आणि लंडन अजिबात नको, तुमच्या गावातलं बघा. रेडिंगला हेक्झॅगॉन थिएटरात दरवर्षी असतं.

खुर्ची_ब१२
अण्णांना अनुमोदन, पण आईबाबांना नुसतं नेऊन बसवू नका, आधी थोडं सांगून ठेवा म्हणजे मजा दुप्पट. गोष्ट बहुतेक त्यांना माहीत असलेलीच असणार, सिंड्रेला, अल्लाउद्दीन, जॅक आणि घेवड्याचा वेल, स्नो व्हाइट असलं काहीतरी. गोष्टीला तसं महत्त्व नसतंच. महत्त्व कोण कुठून येतं आणि तेव्हा आपण काय ओरडायचं याला. खलनायक नेहमी प्रेक्षकांच्या उजव्या हाताकडून येतो, परी डाव्या हाताकडून. ही चाल फार जुनी, मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांपासूनची म्हणतात, एका बाजूला स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूला नरक. खलनायक दिसला की सगळ्यांनी बूऽऽऽ करायचं, अगदी मनापासून, तो नट त्याचीच वाट बघत असतो. मग डेम, म्हणजे भला थोरला पुरुष बाईच्या वेषात, प्रत्येक प्रवेशाला नवा झगा, एकदा डोक्यावर केक तर एकदा चहाची किटली. नायक म्हणजे प्रिन्सिपल बॉय पूर्वी हमखास मुलगी असायची, मांडीवर थाप मारून बोलायची, आता बऱ्याच ठिकाणी मुलगेच करतात आणि मला ते मुळीच आवडत नाही.

आणि भुताचा बाक! दोघंतिघं बाकावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, सगळं थिएटर ओरडतं ‘इट्स बिहाइंड यू’, ते वळून बघतात तोवर भूत दुसऱ्या बाजूला. एकेकाला भूत पळवून नेतं. शेवटी डेम एकटी उरते, वळते, भुताच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि भूतच किंचाळून पळून जातं. यात कळायला अवघड काय आहे सांगा? माझ्या सासूबाईंना इंग्रजी जेमतेम येतं, त्या पहिल्या रांगेतल्या पोरांपेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या.

पक्का_प्रेक्षक
मी वेगळं मत मांडतो. पँटो लहान मुलांना ठीक. ज्यांनी आयुष्यभर बांधीव नाटकं बघितलीत त्यांना दोन तास आरडाओरडा, टीव्हीवरचा कुणीतरी चेहरा, त्याच्या मालिकेतले विनोद, मध्येच मागच्या वर्षीचं पॉप गाणं, हे सगळं कंटाळवाणं होईल. रेवाताई, तुमचे बाबा बबन प्रभू करणारे आहेत ना? मग त्यांना फार्सच दाखवा. फार्स म्हणजे घड्याळाचं काम, एक दार अर्ध्या सेकंदानं उशिरा उघडलं तरी हशा गेला, आणि ते ज्यानं स्वतः केलंय त्यालाच खरं कळतं.

मायकेल फ्रेनचं ‘नॉइजेस ऑफ’ कुठं लागलं असेल तर डोळे मिटून तिकीट काढा. १९८२ मध्ये लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरला पहिल्यांदा झालं, तेव्हापासून सारखं कुठं ना कुठं चालू असतं. फ्रेन एकदा आपल्याच एका फार्सचा प्रयोग विंगेतून बघत होता, त्याला समोरून दिसतं त्यापेक्षा मागून जास्त हसू आलं, तिथून हे सुचलं. पहिल्या अंकात एका भिकार फार्सची रंगीत तालीम, सार्डिनच्या बशा कुणी कधी न्यायच्या आणि कधी ठेवायच्या यावरून गोंधळ. दुसऱ्या अंकात अख्खा सेट फिरवलेला, आता आपण मागच्या बाजूला, पुढं प्रयोग चालू आहे म्हणून मागं कुणाला मोठ्यानं बोलता येत नाही, आणि सगळ्यांची आपसात भांडणं पेटलेली. जवळपास पूर्ण अंक खाणाखुणांवर चालतो, एकाच्या हातातली कुऱ्हाड दुसरा काढून घेतो, एका नटाच्या बुटांच्या नाड्या कुणी एकमेकींना बांधून ठेवतं, आणि प्रत्येकजण आपल्या वेळेला दार उघडून हसतमुखानं पलीकडं जातो. भाषेचा प्रश्नच मिटला! तिसऱ्या अंकात दौऱ्याच्या शेवटी सगळ्याचा चुथडा.

ते लागलेलं नसेल तर ‘द प्ले दॅट गोज राँग’. २०१२ मध्ये लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या एका पबवरच्या छोट्या थिएटरात सुरू झालं, २०१४ पासून डचेस थिएटरमध्ये मुक्कामाला. हौशी मंडळी खुनाचं नाटक करतायत आणि सेट एकेक करून खाली येतोय. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच स्टेजवरचे तंत्रज्ञ लोकांमध्ये फिरून हरवलेला कुत्रा शोधत असतात, त्यामुळे वेळेच्या दहापंधरा मिनिटं आधी जाऊन बसा.

अबोली
कुऱ्हाडीच्या प्रसंगाला मी खुर्चीतून खाली सरकले होते 😂 नवऱ्यानं दंड धरून वर ओढलं.

वेंगुर्लेकर
पक्का_प्रेक्षकराव, बांधीव नाटक एवढंच आपलं नव्हे हो. गण, गवळण, बतावणी, वग ही पण आपलीच ना? गवळणीतली मावशी कोण असते? मिशा काढलेला पुरुषच. कृष्णाला अडवणारी, पेंद्याशी वाद घालणारी, मध्येच प्रेक्षकांतल्या पाटलाला चिमटा काढणारी. डेम बघताना मला पहिल्या मिनिटात ती मावशीच दिसली. बालगंधर्वांसारखं नाही, तिथं पुरुष आहे हे विसरायला लावायचं होतं, लोक त्यांच्या शालूची नक्कल करायचे. इथं विसरायचं नाहीच, झग्याखालून केसाळ पाय दिसलेच पाहिजेत, त्यातच हसू आहे.

शिवाय ऐनवेळी घातलेली वाक्यं. ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडके करायचे तेव्हा कालच्या पेपरातली बातमी आजच्या प्रयोगात यायची असं आमचे वडील सांगतात. इथंही तसंच, गावातली कौन्सिल, बंद पडलेली लोकल ट्रेन, शेजारच्या गावाची टिंगल, हे नसेल तर पँटो पडलं समजा. म्हणूनच अण्णा म्हणतात ते बरोबर, आपल्या गावातलं बघायचं. लंडनच्या मोठ्या थिएटरात जगभरचे पर्यटक, तिथं कुठल्या खड्ड्यावर विनोद करणार?

लीड्सकर_अण्णा
वेंगुर्लेकर, अगदी मनातलं बोललात. यॉर्क थिएटर रॉयलला बर्विक केलर नावाचा डेम होता, सत्तरच्या दशकापासून ते २०१९ पर्यंत त्याच थिएटरात. पायात साधे बूट, मेकअप जवळजवळ नाही, आणि प्रेक्षकांत वॅगन व्हील बिस्किटं फेकायचा. लहानपणी ज्यांनी ती झेलली त्यांनी पुढं आपली पोरं नेली, मग नातवंडं. एकाच नटाबरोबर अख्खं गाव म्हातारं झालं. त्याचे विनोद बाहेरच्याला निम्मे कळायचे नाहीत आणि तरीही माणूस हसत सुटायचा, कारण शेजारचा हसतोय!

आणि पैशाचं पण बघा. इथल्या बऱ्याच लहान गावांतली थिएटरं पँटोच्या पाचसहा आठवड्यांवर वर्ष काढतात. दिवसाला दोन दोन खेळ. त्या पैशातून मार्चमध्ये कुणाचं तरी नवं गंभीर नाटक उभं राहतं. तुम्ही तिकीट काढलंत की त्यालाही हातभार.

पक्का_प्रेक्षक
तमाशाचा मुद्दा मान्य, मावशी आणि डेम सख्ख्या बहिणी. पण माझं म्हणणं दर्जाबद्दल होतं. प्रत्येक गावाला केलर लाभत नाही. आणि पुरुष बाईच्या वेषात हवा असेल तर ‘चार्लीज आंट’ आहे की! ब्रँडन थॉमसनं लिहिलं, १८९२ मध्ये बेरी सेंट एडमंड्सच्या थिएटर रॉयलला पहिला प्रयोग, मग लंडनला १४६६ प्रयोग. अत्र्यांनी त्याचंच ‘मोरूची मावशी’ केलं आणि विजय चव्हाणांनी ती मावशी महाराष्ट्राच्या घराघरात पोचवली. रेवाताईंच्या बाबांना मूळ नाटक बघायला मिळालं तर काय आनंद होईल! हौशी संस्था अजून करत असतात, लक्ष ठेवा.

खुर्ची_ब१२
बेरी सेंट एडमंड्सचं ते थिएटर १८१९ चं आहे, आत गेलात तर बाहुलीघरात बसल्यासारखं वाटतं. आणि तिथंही डिसेंबरात पँटोच असतं हां 😀

मिरजेची_रेवा
‘टांग टिंग टिंगा’ ऐकूनच आई उठून नाचेल. वाचतेय सगळं, चालू द्या.

स्वरांगी
म्युझिकलबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी. ज्यांच्या कानात सौभद्र आहे त्यांना गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची विनोदी संगीत नाटकं दाखवा! सौभद्र १८८२ चं, आणि त्याच साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात यांचं ‘आयोलान्थे’ आलं, पऱ्या विरुद्ध हाउस ऑफ लॉर्ड्स. सॅव्हॉय तेव्हा नवं कोरं, १८८१ ला उघडलेलं, विजेच्या दिव्यांनी पूर्ण उजळलेली जगातली पहिली सार्वजनिक इमारत. इकडं किर्लोस्कर तिकडं गिल्बर्ट, दोघांकडं लग्नाचे घोळ, वेषांतर आणि मध्येमध्ये पदं. बोल फार भरभर असतात हे खरं, पण लंडनच्या कोलिझियम थिएटरला इंग्लिश नॅशनल ऑपेराचा प्रयोग असेल तर वर पट्टीवर शब्द दिसतात. वाचायला येतं म्हणालात ना, मग झालं की.

नाहीतर ‘मटिल्डा’. लंडनच्या केंब्रिज थिएटरला २०११ पासून चालू आहे, सात वर्षांच्या मुलीला याहून चांगलं काय. त्यातली मुख्याध्यापिका ट्रंचबुल, गोफणीसारखी पोरीला वेण्यांना धरून फेकणारी, ती पुरुष नट करतो. म्हणजे डेमच, फक्त भीतीदायक. आमच्या घरात आजी, आई आणि माझा मुलगा तिघंही एकाच ठिकाणी ओरडले होते.

नॉटिंगहॅमचा_निनाद
‘ऑपरेशन मिन्समीट’ पण घ्या यादीत! पाच जण मिळून सगळी पात्रं करतात, बायका पुरुषांची आणि पुरुष बायकांची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी एका प्रेताला अधिकाऱ्याचा गणवेश घालून, खोटी कागदपत्रं देऊन स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडलं आणि हिटलरला फसवलं, ती १९४३ ची खरी घटना. असल्या विषयावर इतकं हसवतात आणि मध्येच एक वयस्क सेक्रेटरी पत्राचा मजकूर सांगता सांगता गाते तेव्हा सगळं थिएटर रडत असतं, ती भूमिकाही पुरुषानं केलेली आणि त्या वेळी कुणी हसत नाही.

स्वरांगी
निनाद, माझंही अतिशय लाडकं आहे, पण आईबाबांसाठी नको. शब्द इतके दाटीवाटीनं येतात की इथं वाढलेल्यांचंही थोडं सुटतं. रेवा आणि नवऱ्यानं बाबांना लेकीजवळ बसवून दोघांनीच जावं, हा माझा सल्ला.

डॉक्टरबाई
एक जरा गंभीर बोलू का. अल्लाउद्दीन निवडताना आधी माहिती काढा. मूळ परंपरेत ते ‘पेकिंग’मध्ये घडतं, त्याच्या आईची, विडो ट्वांकीची, धोब्याची दुकानदारी, नोकराचं नाव विशी वॉशी, डोळे ताणून काढलेला मेकअप. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही बघितलं, माझ्या मुलीची चिनी मैत्रीण बरोबर होती. सगळे हसत होते आणि ती पोर माझ्याकडं बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. आपण सगळेच इथं बाहेरून आलेली माणसं, उद्या साडी आणि टिकली लावून असलं काही कुणी केलं तर आपल्याला कसं वाटेल याचा विचार करा.

लीड्सकर_अण्णा
डॉक्टरबाई, पटलं. पण बदल होतोय हेही सांगायला हवं. बऱ्याच थिएटरांनी गोष्ट चीनमधून काढून काल्पनिक गावात नेली, नावं बदलली, तो मेकअप बंद केला. पँटो दरवर्षी नव्यानं लिहिलं जातं त्यामुळे बदलायला जागा असते. लंडनच्या हॅकनी एम्पायर थिएटरला बघा, तिथला क्लाइव्ह रोव सारखा काळा नट डेम म्हणून गाजला, प्रेक्षकांत सगळ्या रंगाची माणसं, गाण्यांत कॅरिबियन ठेका. तोच आजचा खरा पँटो असं मी म्हणेन.

डॉक्टरबाई
हॅकनीबद्दल सहमत. क्लाइव्ह रोव गायला लागला की छप्पर उडतं.

वेंगुर्लेकर
जाता जाता, इयन मॅकेलननंही डेम केलीय, २००४ ला ओल्ड व्हिकमध्ये ट्वांकी आणि मग ऐंशी ओलांडल्यावर मदर गूज घेऊन गावोगावी दौरा. किंग लिअर करणारा माणूस! आपल्याकडं असं मोठ्या नटानं आवडीनं मावशी करायला उभं राहावं असं फार वाटतं.

पक्का_प्रेक्षक
फार्सवाल्यांतही मोठी माणसं झाली. ब्रायन रिक्स. १९५० पासून व्हाइटहॉल थिएटरात सोळासतरा वर्षं फार्स केले, त्याची पँट गळून पडली की लंडन हसायचं. त्याच्या पहिल्या मुलीला डाउन सिंड्रोम होता, तेव्हाच्या डॉक्टरांचा सल्ला असायचा की मूल संस्थेत टाका आणि विसरा. पुढं १९८० मध्ये तो अशा मुलांसाठी काम करणाऱ्या मेनकॅप या संस्थेचा प्रमुख झाला, मग हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊन अशा मुलांसाठी शेवटपर्यंत भांडत राहिला. विनोदी नटाला हलकं समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

अबोली
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

खुर्ची_ब१२
लंडनला येणारच असाल तर एक जागा सांगते, तिकीट लागत नाही. जोसेफ ग्रिमाल्डी, १७७८ ते १८३७, पांढरं तोंड आणि लाल गालांचा जो विदूषक आपण ओळखतो तो यानं घडवला. किंग्ज क्रॉसहून पेंटनव्हिल रोडनं चालत गेलं की त्याच्या नावाची छोटी बाग आहे, कबर तिथंच. बाजूला जमिनीत शवपेटीच्या आकाराच्या फरशा बसवल्यात, त्यावर नाचलं की सूर वाजतात. लेकीला नाचू द्या. दर फेब्रुवारीत पूर्व लंडनमधल्या एका चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रार्थना असते, तिथं देशभरातले विदूषक पूर्ण वेषात, रंग लावून येतात.

त्याच्या काळात पँटोत बोलायला फारशी मुभाच नव्हती, संवादी नाटकाचे हक्क मोजक्या थिएटरांकडं. १८४३ चा कायदा आल्यावर तो मक्ता संपला आणि मग कोट्या, यमकं, गाणी यांचा पूर आला. आजचा डेम त्या पुरातून वर आलेला.

ऑक्सफर्डची_ताई
व्यवहाराचं कुणीतरी बोला म्हणून मीच बोलते. एक, जुन्या थिएटरांची गॅलरी फार उभी असते आणि पायऱ्या अरुंद, गुडघे दुखत असतील तर खालच्या मजल्यावरचे स्टॉल्सच घ्या, फोन करून सांगितलं तर कडेच्या खुर्च्या देतात. दोन, बऱ्याच थिएटरांचे एकदोन प्रयोग कॅप्शनवाले असतात, स्टेजच्या बाजूला संवाद लिहून येतात, आईबाबांना अगदी सोयीचे. गोंगाट आणि लख्ख दिवे सोसत नसतील तर रिलॅक्स्ड प्रयोग. तीन, लंडनच्या पॅलेडियम थिएटरचं पँटो पोरीला घेऊन बघू नका असं माझं मत, ज्युलियन क्लॅरीचे विनोद एकाला दोन अर्थ लागणारे, मुलांना कळत नाहीत पण बाबा आणि तुम्ही शेजारी बसलेले असाल. चार, जमलं तर शाळांच्या ट्रिपा असतात तो सकाळचा किंवा दुपारचा खेळ घ्या. हजारभर पोरं एकदम ‘ओह नो इट इझंट’ ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो. लॉबीत चमकणाऱ्या कांड्या विकतात, फार महाग, घरून एक घेऊन जा.

पक्का_प्रेक्षक
ताई, शाळांचा खेळ? आजोबांच्या कानाचं काय?

ऑक्सफर्डची_ताई
माझे बाबा ऐकण्याचं यंत्र बंद करून बसले होते आणि सबंध वेळ टाळ्या वाजवत होते. विचारा हवं तर.

मिरजेची_रेवा
मंडळी, ठरलं. हेक्झॅगॉनच्या कॅप्शनवाल्या खेळाची चौकशी करतेय, स्टॉल्समध्ये कडेच्या खुर्च्या, चौघांनी म्हणजे लेक धरून पाच. नाताळनंतर एक दिवस लंडन: दुपारी डचेसला ‘गोज राँग’, त्याआधी ग्रिमाल्डीची बाग. बाबांना वेंगुर्लेकरांची मावशीची पोस्ट वाचून दाखवली, ते फोनवर गवळणीतले संवाद म्हणायला लागले, आईला फोन परत मिळेना. म्युझिकल नवऱ्याला आणि मला, मिन्समीट. स्वरांगी, तुझा सल्ला शब्दशः घेतलाय.

नॉटिंगहॅमचा_निनाद
रुमाल ठेवा बरोबर.

केंटची_गाय
उशिरा आले पण राहवत नाही. सगळे थिएटरांबद्दल बोलताय, खेड्यातल्या हॉलमधलं पँटो कुणी बघितलंय का? आमच्या गावात जानेवारीच्या शेवटी असतं, कारण नाताळात सगळे पाहुण्यांत. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट खलनायक, निवृत्त पोस्टमन डेम, आणि मी जॅकच्या गायीचा मागचा भाग. इथं राहायला आले तेव्हा दुकानातल्या बाईशिवाय कुणी ओळखत नव्हतं, हॉलवर पाटी बघून गेले, म्हणाले गाय रिकामी आहे.

आतून काय असतं सांगते. कंबरेत वाकून पुढच्याच्या पट्ट्याला धरायचं, डोळ्यासमोर फक्त त्याचे बूट. फोम आणि गोणपाटाचा वास, घामानं मान चिकटलेली. नाच असला की तो ‘डावा’ म्हणतो आणि मी डावा टाकते, बाहेर लोक हसतात तेव्हा आपण नेमकं काय केलं ते कळत नाही, नंतर विचारायचं. शेपटीची दोरी माझ्या हातात. जॅकची आई गायीला विकायला निघते तेव्हा मी शेपटी हळूच खाली सोडते आणि शंभर माणसांचा ‘आऽऽह’ कातड्यातून ऐकू येतो. शेवटची दोन यमकं तालमीत कुणीही म्हणत नाही, अपशकुन मानतात, ती पहिल्या खेळालाच.

वेंगुर्लेकर
वा! गायीचा मागचा भाग सांभाळणारा गडी आमच्या दशावतारातही कौतुकाचाच झाला असता.

लीड्सकर_अण्णा
केंटची_गाय, यंदा कुठलं करताय? आणि तिकीट कुठं मिळतं?

केंटची_गाय
यंदा ‘डिक व्हिटिंग्टन’, त्यात मांजर आहे, गाय नाही, म्हणून मी उंदरांच्या टोळीत. तिकिटं गावातल्या खाटकाच्या दुकानात आणि दारावर, मध्यंतरात चहा आणि रॅफल. येणार असाल तर मला निरोप टाका, शनिवार दुपारच्या खेळाला पुढच्या रांगेत खुर्च्या धरून ठेवते.